शैक्षणिक तंत्रज्ञान परिषदेच्या आयोजकांना खुलं पत्र: प्रश्नांची वेळ परत द्या

प्रति,
आयोजक आणि कार्यक्रम समिती,
शैक्षणिक तंत्रज्ञान परिषद

सप्रेम नमस्कार.

पुढच्या परिषदेची रूपरेषा तुम्ही मागच्या वेळच्या सगळ्या प्रतिनिधींना पाठवलीत, तशी मलाही मिळाली. त्यात दोन बदल आहेत. पहिला असा की यापुढे सभागृहात माइक फिरणार नाही. प्रश्न परिषदेच्या ॲपवर लिहून पाठवायचे आणि त्यातले 'निवडक' प्रश्न समिती वक्त्यांपर्यंत पोहोचवणार. दुसरा असा की 'वर्गातले अनुभव' हे शिक्षकांचं सत्र 'प्रतिसादाअभावी' रद्द झालंय आणि ती वेळ नव्या उत्पादनांच्या सादरीकरणाला दिली आहे. हे वाचून गप्प बसवेना. तुम्हाला खासगीत कळवता आलं असतं. पण निर्णय आम्हा सगळ्या शिक्षकांच्या नावानं झालाय, तेव्हा हरकतही चारचौघांत नोंदवलेली बरी.

मी गणित शिकवते, पाचवी ते आठवीला. तुमच्या परिषदेला मला कुणी पाठवलं नव्हतं, मी आपणहून आले. रजा टाकली. माझे तास सहकाऱ्यांनी वाटून घेतले, म्हणजे त्यांचे वह्या तपासायचे मोकळे तास गेले. आमच्या शाळेत सरावासाठी एक ॲप आहे. ते आमच्या व्यवस्थापनानं अशाच एका परिषदेत पाहून पसंत केलं होतं. निवडणारे ते, रोज वापरणारी मी. त्या ॲपबद्दल माझ्याकडे प्रश्न साठले होते आणि ते बनवणारी, विकणारी, त्यावर भाषणं देणारी माणसं तुमच्याकडे एका छताखाली भेटणार होती. एवढ्यासाठी आले होते.

आणखी एक आधीच सांगून टाकते, म्हणजे 'तंत्रज्ञानाला विरोध करणारी शिक्षिका' असा शिक्का मारून हे पत्र बाजूला ठेवायची सोय राहणार नाही. जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या पडद्यावर हलवून दाखवणारं सॉफ्टवेअर मी कित्येक वर्षं वापरते. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू बोटानं धरून मुलं ओढत सुटतात, तिन्ही कोन बदलत राहतात आणि बेरीज मात्र १८० अंशांवरून हलत नाही. मग एखादा हटवादी मुलगा त्रिकोण इतका चपटा करतो की त्याची जवळजवळ रेघच होते, आणि तरी १८०. फळ्यावर मी कितीही त्रिकोण काढले तरी ही गंमत मला दाखवता येत नाही. चांगलं साधन हातात आलं की शिक्षक ते सोडत नाहीत. त्यासाठी आमची मानसिकता बदलायची भाषणं लागत नाहीत.

आता तक्रारी.

पहिली तक्रार प्रश्नांच्या वेळेची, आणि बाकीच्या बहुतेक तक्रारी हिच्यातूनच निघतात. छापील कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक सत्राच्या शेवटी दहा मिनिटं प्रश्नोत्तरांना होती. मी ज्या सत्रांना बसले त्यांतल्या बहुतेकांत ती आलीच नाहीत. आधी एक चित्रफीत, मग वक्त्याचं भाषण, मग आणखी एक चित्रफीत. (या चित्रफितींतली मुलं सारखी हसत असतात आणि एकाचंही उत्तर कधी चुकत नाही. असा वर्ग मला बघायचाय.) मग सूत्रसंचालक घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "वेळेअभावी प्रश्न घेता येत नाहीत, पण वक्ते बाहेर उपलब्ध आहेत." बाहेर म्हणजे कुठे, तर कंपनीच्या स्टॉलवर. तिथे तोंड उघडायच्या आधी आपल्या गळ्यातल्या ओळखपत्रावर यंत्र धरतात आणि ते 'टुक्' वाजतं. सभागृहात जो प्रश्न होता तो तिथे 'ग्राहकाची चौकशी' होतो.

फरक नीट लक्षात घ्या. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला साक्षीदार असतात. वक्त्यानं टाळाटाळ केली तर ती तीनशे लोकांना दिसते. त्याच्याकडे खरंच उत्तर असेल तर तेही तीनशे लोकांना मिळतं. स्टॉलवर माझा प्रश्न आणि त्यांचं उत्तर दोन्ही हवेत विरून जातं, आणि पुढच्या शिक्षकाला तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागतो. आता तुम्ही ॲपवरून 'निवडक' प्रश्न घेणार म्हणता. निवडणार कोण? कोणते गाळले हे कुणाला कळणार? ज्यांच्या पैशावर सभागृह उभं आहे त्यांना अडचणीत आणणारा प्रश्न त्या चाळणीतून खाली येईल, असं तुम्हाला तरी वाटतं का?

वर्गात मी असा कारभार चालवला तर मुलं मला एका दिवसात ओळखतील.

आणि 'प्रतिसादाअभावी' हे कारण देताना तुम्ही त्या खोलीत होता का? मी होते. शिक्षकांचं ते सत्र तुम्ही मुख्य सभागृहातल्या उद्घाटनाच्या वेळेलाच, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं होतं. फलक नव्हता, विचारत विचारत जावं लागलं. तरी खुर्च्या कमी पडल्या आणि लोक भिंतीला टेकून उभे होते. तिथे एका शिक्षिकेनं तिच्या दृष्टिहीन विद्यार्थ्याचा टॅब सोबत आणला होता. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारी सोय, सुरू करून तिनं एका सराव ॲपचं पान आम्हाला ऐकवलं. यंत्र वाचत गेलं: "प्रश्न चार. सोडवा. चित्र. अधिक. चित्र. बरोबर." अपूर्णांक चित्र म्हणून टाकलेले होते, त्यामुळे वाचणाऱ्या यंत्राला ते 'चित्र'च दिसले. त्या मुलाला प्रश्न चार म्हणजे दोन चित्रांची बेरीज. वेबवर गणित यंत्राला वाचता येईल असं लिहायची पद्धत, मॅथएमएल, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं १९९८ मध्येच मानक म्हणून जाहीर केली आहे. म्हणजे ही अडचण तंत्रज्ञानाची नाहीच. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी केलं नाही. त्या सत्रानंतर मी स्टॉल-स्टॉल हिंडून एवढंच विचारत सुटले, "तुमच्यातली गणितं स्क्रीन रीडरला वाचता येतात का?" बऱ्याच ठिकाणी 'पुढच्या आवृत्तीत' असं उत्तर मिळालं. काही ठिकाणी स्क्रीन रीडर म्हणजे काय हे मलाच सांगावं लागलं. मुख्य व्यासपीठावरच्या सगळ्या भाषणांतून मिळालं नसेल इतकं मला त्या खोलीत वीस मिनिटांत मिळालं. तेच सत्र तुम्ही काढून टाकलंत.

दुसरी तक्रार दालनातल्या प्रात्यक्षिकांची. ही मी जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या विषयातली आहे आणि ती कळल्याशिवाय प्रश्नांसाठी मी एवढी का भांडतेय ते कळणार नाही.

एका स्टॉलवर 'प्रत्येक मुलाला त्याच्या गतीनं शिकवणारा' शिक्षक-ॲप होता. पडद्यावर गणित होतं १/२ + १/३. तिथला तरुण नम्र होता, बोलायला चांगला होता. तो बरोबर उत्तर टाकून दाखवणार होता. मी म्हटलं, मी टाकते. मी २/५ टाकलं. अपूर्णांकांची बेरीज नव्यानं शिकणाऱ्या वर्गात हे उत्तर दर वर्षी येतं: अंशात अंश मिळवला, छेदात छेद. पडद्यावर लाल फुली आणि 'पुन्हा प्रयत्न कर!' मी पुन्हा २/५. मग हिंट आली, 'छेद समान कर.' मी पुन्हा २/५. मग ॲपनं अख्खं गणित सोडवून दाखवलं, ५/६, आणि पुढचं दिलं, १/४ + १/५. मी २/९ टाकलं. लाल फुली.

ॲपच्या हिशेबी माझी दोन गणितं चुकली. माझ्या हिशेबी एकच चूक झाली, तीही शिस्तीत. मुलगा एक नियम पाळतोय आणि तो कुठून आलाय हे त्याला विचारलं की कळतं. मला एका मुलीनं सांगितलं होतं, "बाई, पहिल्या चाचणीत दोनपैकी एक बरोबर, दुसऱ्या चाचणीत तीनपैकी एक बरोबर, मिळून पाचपैकी दोन." तिचं म्हणणं खोटं आहे का? गुण मोजताना आपण अगदी असंच करतो. गडबड इथे आहे की तिच्या दोन अपूर्णांकांतला 'पूर्ण' वेगवेगळा आहे आणि बेरजेत तो एकच धरावा लागतो. हे 'छेद समान कर' म्हटल्यानं सुटत नाही. तिला मी विचारलं, "अर्ध्यात काहीतरी मिळवलंस, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?" ती उत्तराकडे बघत राहिली, मग स्वतःच हसली, आणि तिथून पुढे लसावि शिकवायला मला फार वेळ लागला नाही.

मी त्या तरुणाला विचारलं, "दोन्ही वेळा चूक एकच आहे, हे तुमच्या ॲपला कळलं का?" तो म्हणाला, "मॅडम, एआय आहे, हळूहळू शिकत जातं." मी म्हटलं, "ॲप शिकेल हो, मुलाचं काय?" तो हसला आणि त्यानं माझं ओळखपत्र स्कॅन केलं. त्याचा दोष नाही, त्याला विकायला उभं केलंय. हा प्रश्न व्यासपीठावर त्याच्या मुख्य अधिकाऱ्याला विचारायचा होता. त्याच्या भाषणानंतर वेळेअभावी प्रश्न झाले नाहीत.

'प्रत्येकाच्या गतीनं' हे तुमच्या परिषदेचं घोषवाक्य होतं म्हणून आठवण करून देते. १९७३ मध्ये स्टॅन्ली अर्लवँगर या संशोधकानं सहावीतल्या एका मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला नाव दिलंय बेनी. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात तयार झालेल्या, प्रत्येकानं आपापल्या गतीनं पुढे जायच्या कार्यक्रमात तो दुसरीपासून गणित शिकत होता. पुस्तिका सोडवायची, उत्तरसूचीवरून तपासून घ्यायची, ठरलेले गुण मिळाले की पुढची पुस्तिका. बेनी भराभर पुढे जात होता, बाईंच्या मते वर्गातला चांगला विद्यार्थी होता. अर्लवँगरनं त्याच्याशी गप्पा मारल्या तेव्हा कळलं की २/१० म्हणजे दशांशात १.२ आणि ५/१० म्हणजे १.५ असं तो मानत होता. अंश-छेदांची बेरीज करून मध्ये टिंब द्यायचं! असे नियम त्यानं स्वतः बनवले होते आणि त्यांच्यावर त्याचा विश्वास होता. प्रगतीच्या नोंदींत यातलं काहीच दिसत नव्हतं. समोर बसून "हे कसं केलंस?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा दिसलं. आज पुस्तिकेच्या जागी टॅब आला आणि नोंदीच्या जागी हिरवे-पिवळे-लाल ठिपके आले. माझ्या डॅशबोर्डवरही, म्हणजे ॲपमधल्या मुलांच्या प्रगतीच्या पानावरही, बेनी आहेत आणि ते हिरवे आहेत.

यंत्राला चुकीमागचं कारण शोधता येत नाही, असं मी म्हणत नाही. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या चुका ओळखणारं काम प्रसिद्ध केलं. मूल कोणता चुकीचा नियम पाळतंय ते संगणकानं शोधायचं. त्यातून त्यांनी शिक्षकांसाठी एक खेळही केला: संगणक चुकणारा विद्यार्थी बनतो आणि शिक्षकानं त्याची नेमकी चूक ओळखायची. मला तो खेळ आजही हवाय, शिक्षक-प्रशिक्षणात तर पहिल्या दिवशी हवाय. १९७८ मध्ये जमलेली गोष्ट आजच्या 'अत्याधुनिक' दालनात का दिसत नाही, हा माझा अगदी साधा प्रश्न. माझा अंदाज असा की विकत घेणारे लोक २/५ टाकून बघत नाहीत.

हिंटबद्दलही एक. आमच्या मुलांनी पहिल्या आठवड्यातच शोधून काढलं की हिंटचं बटण दाबत राहिलं की शेवटी उत्तरच येतं. दाब, दाब, दाब, उत्तर उतरव, हिरवा ठिपका. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये नेमकी हीच खोड नोंदवली होती; अशी मुलं बाकीच्यांपेक्षा कमी शिकतात हेही त्यांनी दाखवलं होतं. कंपन्यांना हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

तिसरी तक्रार, आम्हाला दिलेल्या उपदेशाची. एकाहून अधिक वक्त्यांनी तीच स्लाइड दाखवली: शंभर वर्षांपूर्वीचा वर्ग आणि आजचा वर्ग, दोन्हीकडे फळा आणि बाकं. मग म्हणायचं, बघा, जग बदललं, शिक्षक बदलले नाहीत. टाळ्या. इतिहासच काढायचा तर सगळा काढू या. चित्रपटांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि दहाएक वर्षांत शाळा पार बदलून जातील, असं थॉमस एडिसन १९१३ मध्ये म्हणाला होता. सिडनी प्रेसी या मानसशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात उत्तर लगेच तपासणारं यंत्र बनवलं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला, उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही हे पाहून अस्वस्थ झाला आणि त्यानं 'शिकवणारं यंत्र' तयार केलं. तुमच्या स्टॉलवरची झटपट लाल फुली तेव्हाची आहे. २००५ मध्ये गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा झाली, पेरूनं असे लाखो लॅपटॉप मुलांना दिले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी तिथल्या ३१९ शाळांत नीट तुलना केली. २०१२ मध्ये आलेला निष्कर्ष असा की मुलांच्या सर्वसाधारण विचारक्षमतेत थोडा फायदा दिसला, गणितात आणि भाषेत काही फरक पडला नाही. या प्रत्येक वेळी वर्गातल्या माणसाला आधी विचारलं असतं तर निदान काही पैसा वाचला असता. शिक्षक बदलत नाहीत म्हणून नापसंती दाखवणाऱ्या वक्त्यांपैकी शेवटचा वर्ग कुणी कधी घेतला होता, हाही प्रश्न होता माझ्याकडे. राहिला.

चौथी, पुराव्याची. 'निकालात इतके टक्के सुधारणा' असे फलक जागोजागी होते. कशाच्या तुलनेत? किती मुलं, किती दिवस, मध्येच सोडून गेलेल्यांना धरून की वगळून? मोजलं कुणी, कंपनीनंच ना? हे विचारायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. आठवीत सरासरी शिकवते तेव्हा मुलं हे प्रश्न विचारतात. युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल याच विषयावर होता. त्यात दिलंय की ब्रिटनमधल्या शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्यांपैकी फक्त ७ टक्क्यांनी यादृच्छिक नियंत्रित चाचण्या (चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकालाच उत्पादन द्यायचं आणि तुलना करायची) केल्या होत्या, आणि अमेरिकेतल्या १७ राज्यांतल्या पाहणीत फक्त ११ टक्के शिक्षक-अधिकाऱ्यांनी खरेदीआधी तज्ज्ञांनी तपासलेला पुरावा मागितला होता. म्हणजे मागणारेही कमीच, हे मान्य. पण मागायची सवय लागेल अशी जागा तुमच्या परिषदेहून चांगली कोणती? त्याच अहवालात असंही आहे की अशी उत्पादनं सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात, आणि अमेरिकेत शाळांनी घेतलेल्या सॉफ्टवेअर परवान्यांपैकी सरासरी ६७ टक्के वापरलेच जात नाहीत. हे आकडे तुमच्या व्यासपीठावर कुणी उच्चारले नाहीत.

पाचवी थोडक्यात. 'शिक्षणाचं भविष्य' या परिसंवादात 'ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ' म्हणून बसलेले गृहस्थ एका प्रायोजक कंपनीचे सल्लागार आहेत, हे मला नंतर त्या कंपनीच्याच माहितीपत्रकावरून कळलं. सल्लागार असण्यात गैर काही नाही. न सांगण्यात आहे.

सहावी तक्रार त्या 'टुक्' आवाजाची. परिषदेहून परतल्यावर मला फोन येऊ लागले. तासाला, शिक्षकसभेत, रात्रीही. जिथे मी पाऊलही टाकलं नव्हतं अशा कंपन्यांचे. म्हणजे माझा नंबर स्टॉलवरूनच गेला असं नाही. तो यादीनिशी दिला गेलाय. नोंदणीच्या अर्जात कुठेतरी बारीक अक्षरात तशी परवानगी असेलही. पण माझ्या नंबराबाबत तुम्ही इतके सैल असाल, तर मुलांच्या माहितीबाबत कंपन्यांना तुम्ही काय विचारणार? ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं कोविडच्या काळात ४९ देशांत वापरलेली दीडशेहून अधिक शैक्षणिक उत्पादनं तपासून २०२२ मध्ये अहवाल दिला. जवळपास नव्वद टक्के उत्पादनांची माहिती हाताळायची पद्धत मुलांच्या हक्कांना धोका देणारी वाटते, असं त्यात आहे. अमेरिकेत इनब्लूम नावाचा विद्यार्थ्यांची माहिती एकत्र साठवायचा प्रकल्प दहा कोटी डॉलर हाताशी घेऊन २०१३ मध्ये सुरू झाला. पालकांनी "ही माहिती कोण बघणार?" असं विचारायला सुरुवात केली, आणि २०१४ मध्ये तो गुंडाळावा लागला. वेळेवर विचारू न दिलेले प्रश्न असे महागात पडतात. तुमच्या दोन दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेत मुलांच्या माहितीच्या सुरक्षेवर एकही सत्र नव्हतं.

नेटवर्क, पासवर्ड विसरणारी मुलं, एका टॅबवर तिघं बसणं, चार्जिंग, हे सगळं मी मुद्दाम सोडून देते. त्यावर प्रत्येक शिक्षक तासभर बोलू शकेल. तशी जागा ठेवलीत तर बोलेलही.

आता मागण्या. एकही खर्चिक नाही.

प्रत्येक सत्राचा निदान एक तृतीयांश वेळ प्रश्नांना, आणि तो भाषणाआधी बाजूला काढून ठेवलेला. माइक सभागृहात फिरला पाहिजे. बोलायला संकोच वाटणाऱ्यांसाठी ॲप जरूर ठेवा, पण आलेले सगळे प्रश्न सगळ्यांना दिसले पाहिजेत, न घेतलेलेसुद्धा. ज्यांची उत्तरं राहतील ती वक्त्यांनी महिन्याभरात लेखी द्यावीत आणि तुम्ही ती प्रसिद्ध करावीत.

'वर्गातले अनुभव' हे सत्र परत आणा, मुख्य सभागृहात, उद्घाटनाशी टक्कर होणार नाही अशा वेळी. त्याच्या जोडीला आणखी एक सत्र हवं: जे वापरून बघितलं आणि बंद केलं, त्याबद्दल. शिक्षक सांगतील का बंद केलं, कंपनीला उत्तर द्यायला तेवढाच वेळ. मला वाटतं सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होईल.

वक्त्याच्या नावाखाली त्याचा कंपनीशी संबंध छापा. प्रायोजकानं पैसे देऊन घेतलेलं सत्र असेल तर तसं लिहा.

सुधारणेचा दावा करणाऱ्या प्रत्येक स्टॉलवर एक पानी माहिती सक्तीची करा: कुणी तपासलं, किती मुलांवर, किती काळ, कशाशी तुलना केली. तपासलं नसेल तर 'तपासलेलं नाही' असं. त्याच पानावर स्क्रीन रीडर चालतो की नाही, मुलांची कोणती माहिती घेतली जाते आणि ती कधी पुसली जाते.

ओळखपत्र स्कॅन करायचं की नाही हे शिक्षकानं ठरवावं. प्रतिनिधींची यादी कुणालाही देऊ नये. मागच्या वेळी कुणाकुणाला दिली ते आम्हाला कळवावं.

आणि कार्यक्रम समितीत सध्या प्रत्यक्ष वर्गावर शिकवणारे शिक्षक निम्मे तरी असावेत. परिषद सुट्टीत घेतलीत तर त्यांना यायलाही जमेल.

या वर्षीची नोंदणी सुरू व्हायच्या आत उत्तर द्यावं. यातलं काय मान्य आहे, काय नाही, आणि नसेल तर का, एवढं पुरे. एखादी मागणी अव्यवहार्य असेल तर तशी मुद्देसूद सांगा, मी ऐकून घेईन. फक्त ते उत्तर मला एकटीला ईमेलनं पाठवू नका. रूपरेषा जशी सगळ्या प्रतिनिधींना पाठवलीत, तसंच तेही सगळ्यांना पाठवा.

आपली,
गणिताची एक शिक्षिका